पहिल्या वर्षाची बावीस क्रेडिट

बारावीचा निकाल लागला की कला शाखेकडे वळणाऱ्या मुलांच्या घरी मुख्य विषय कोणता घ्यायचा, याच एका मुद्द्याचा काथ्याकूट सुरू होतो. इतिहास की अर्थशास्त्र, मराठी की भूगोल, यावर घरातले, वाडीतले आणि मुंबईहून मे महिन्यात आलेले चाकरमानी असे सर्वच जण आपले मत देतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी जो निर्णय काढला, त्यातील तक्ता समोर ठेवला तर पहिल्या सत्राच्या २२ क्रेडिटपैकी (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे तास मोजण्याचे एकक) मुख्य विषयाच्या, म्हणजे मेजरच्या, वाट्याला फक्त ६ क्रेडिट आलेली दिसतात. उरलेली १६ क्रेडिट कोणत्या विषयांची असावीत, याचा विचार मात्र प्रवेशाच्या खिडकीसमोर उभे राहिल्यावर, मागच्या मुलाने रांगेतून घाई केल्यावर, होतो. माझ्या मते पहिल्या वर्षाचे खरे नियोजन या १६ क्रेडिटचे आहे आणि ते प्रवेश अर्ज भरण्यापूर्वीच व्हायला हवे.

मी सिंधुदुर्गातील किनाऱ्यालगतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, त्यामुळे दरवर्षी जून महिन्याच्या आसपास हे अर्ज माझ्याकडे येतात. पालक विश्वासाने म्हणतात, "मॅडम, ह्या मेजर-मायनर आमका काय समाजना नाय, तुमीच काय ता लिवा." मी त्यांच्या वतीने काहीही लिहीत नाही, तक्ता समोर मांडते आणि मुलालाच लिहायला लावते. हा लेख म्हणजे त्या बोलण्याचीच सविस्तर नोंद आहे.

घरातील मोठ्या माणसांचा सल्ला चुकतो तो त्यांच्या डोक्यात जुनी एफवायबीए, म्हणजे बी.ए.चे जुने पहिले वर्ष, असते म्हणून. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या पद्धतीत पहिल्या वर्षी तीन ऐच्छिक विषय, एक भाषा, फाउंडेशन कोर्स आणि इंग्रजीचे संभाषणकौशल्य असे सहा विषय असत. दुसऱ्या वर्षी दोन विषय उरत आणि तिसऱ्या वर्षी एकाच विषयाचे सहा पेपर किंवा दोन विषयांचे तीन-तीन पेपर घेता येत. तेथे पहिले वर्ष म्हणजे विषयांची ओळख करून घेण्याचे वर्ष होते आणि निर्णय पुढे ढकलण्याची सोय पद्धतीतच होती. नव्या आराखड्यात त्या सोयीची जागा बदलली आहे. १३ मार्च २०२४ च्या सुधारित शासन निर्णयानंतर काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन दुसऱ्या वर्षी त्यांतून मेजर आणि मायनर, म्हणजे दुय्यम विषय, निवडण्याची पद्धत आली, तर काही ठिकाणी मेजर पहिल्याच सत्रात ठरतो. आपण ज्या महाविद्यालयात जाणार, तेथे यांपैकी कोणती पद्धत आहे, हे पहिल्यांदा विचारावे, कारण पुढचे सर्व नियोजन या एका उत्तरावर अवलंबून असते. मी येथे मेजर पहिल्या सत्रापासून असलेली मांडणी धरून लिहीत आहे.

या मांडणीत पहिल्या सत्रात मेजरचे दोन पेपर येतात, एक चार क्रेडिटचा आणि एक दोन क्रेडिटचा. त्याशिवाय शाखेबाहेरच्या विषयांचे, म्हणजे ओपन इलेक्टिव्हचे, दोन, व्यावसायिक कौशल्याचा एक, कौशल्यविकासाचा एक, भाषेचा एक, मूल्यशिक्षणाचा एक, भारतीय ज्ञानप्रणालीचा एक आणि सहअभ्यासक्रमाचा एक असे आणखी आठ विषय असतात आणि ते सर्व दोन-दोन क्रेडिटचे असतात. म्हणजे एकूण दहा विषय, त्यांतील नऊ दोन क्रेडिटचे. दुसऱ्या सत्रातही आकडा दहाच राहतो. भारतीय ज्ञानप्रणालीच्या जागी मायनरचा पहिला पेपर येतो, एवढाच फरक. बारावीपर्यंत सहा-सात विषयांची सवय असलेल्या मुलाला एकदम दहा विषय, दहा शिक्षक आणि दहा अंतर्गत मूल्यमापने समोर येतात, तेव्हा सप्टेंबरपर्यंत त्याचा गोंधळ उडालेला असतो.

आता या क्रेडिटचे तास किती होतात, ते पाहावे. व्याख्यानाच्या एका क्रेडिटला एका सत्रात १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास, असा हिशेब आहे. सत्र साधारण १५ आठवड्यांचे धरले तर २२ क्रेडिट म्हणजे आठवड्याला किमान २२ तास झाले आणि त्यांत प्रात्यक्षिके जितकी अधिक, तितके हे तास वाढत जातात. शहरातल्या मुलासाठी हा आकडा किरकोळ असेल, पण मिठबांवहून देवगडला किंवा आचऱ्याहून मालवणला एसटीने येणाऱ्या मुलीसाठी शेवटचा तास कधी संपतो आणि त्यानंतरची गाडी कधी आहे, हा शैक्षणिकच प्रश्न आहे. व्यावसायिक कौशल्याची प्रात्यक्षिके आणि सहअभ्यासक्रमाचे तास बहुधा वेळापत्रकाच्या टोकाला टाकलेले असतात. म्हणून मी मुलांना सांगते की माहितीपुस्तिका मिळाली, तरी गेल्या वर्षीचे वेळापत्रकही मागून घ्या. पुस्तिकेत विषयांची नावे असतात. कोणते दोन विषय एकाच वेळी लावले आहेत, म्हणून प्रत्यक्षात एकत्र घेताच येत नाहीत, हे वेळापत्रकातच कळते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते ओपन इलेक्टिव्हकडे, ज्याला आता सर्व जण ओई म्हणतात. नियम असा आहे की ओई आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. कला शाखेच्या मुलाला तो वाणिज्य, विज्ञान किंवा अन्य शाखेतून निवडावा लागतो. तीन वर्षांत ओईची १० ते १२ क्रेडिट पूर्ण करायची असतात आणि त्यांतील ८ पहिल्याच वर्षात संपतात. म्हणजे आपल्या शाखेबाहेरचे काही शिकण्याची पदवीभरातली जी संधी आहे, तिचा किमान दोन-तृतीयांश भाग, कोणाचेही लक्ष नसताना, एफवायलाच वापरला जातो. मुले ओई निवडताना पाहतात ते सोपा पेपर कोणता आणि मैत्रीण कोणता घेते आहे एवढेच.

याबाबतीत आपल्याकडची अडचण मात्र खरी आहे आणि ती मुलांच्या आळसाची नाही. देवगड, मालवण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले येथे कला शाखेचे शिक्षण मिळते, परंतु प्रत्येक ठिकाणी सर्व शाखांमध्ये पुरेसे शिक्षक असतातच, असे नाही. जेथे फक्त कला आणि वाणिज्य शाखा आहेत, तेथे कला शाखेच्या मुलाचा ओई वाणिज्य विभागात जे उपलब्ध असेल त्यावर ठरतो. पुस्तिकेत सहा ओई छापलेले असतात आणि प्रत्यक्षात विद्यार्थिसंख्येअभावी दोनच चालतात, असेही घडते. यावर माझा साधा उपाय आहे. छापलेली यादी बाजूला ठेवून गेल्या वर्षी यांतील कोणते ओई प्रत्यक्ष शिकवले गेले, हे कार्यालयात न विचारता त्या वर्गातून पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांना विचारावे. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात अशीही अट आहे की बारावीला जे शिकून झाले आहे, तेच या बहुविद्याशाखीय, म्हणजे शाखेबाहेरच्या, विषयांत पुन्हा घेता येत नाही. बारावी वाणिज्य करून कला शाखेकडे आलेल्या मुलाने ही अट आधीच लक्षात घ्यावी. त्याला लेखाशास्त्राची तोंडओळख ओई म्हणून मिळेल, या आशेवर राहू नये.

उपलब्ध ओईंमध्ये पर्यटन, बँकिंग, वैयक्तिक आर्थिक नियोजन किंवा संगणकाचा कोणताही पायाभूत विषय असेल, तर तो घ्यावा, असे माझे मत आहे आणि ते मी पक्षपात मान्य करून देते. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून घोषित आहे. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे त्या यादीच्या संभाव्य स्थळांत आहेत. इतिहास मेजर असलेल्या आणि ओईत पर्यटन व्यवसायाची तत्त्वे शिकलेल्या मुलीला या तिन्ही ठिकाणांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असते, शिवाय घरच्या न्याहारी-निवासाचा हिशेब कसा ठेवावा, हेही तिला कळू लागते. मेजर आणि ओई यांचे असे जुळवून घेणे पुस्तिकेत कोठेही सुचवलेले नसते.

माझी पुतणी गेल्या खेपेस याच टप्प्यावर अडली होती. तिला इतिहास घ्यायचा होता आणि ओईमध्ये 'काकी, सगळ्यांनी घेतलाय तोच घेते' असे तिचे म्हणणे होते. आम्ही दोघींनी तिसऱ्या वर्षापासून मागे येत विचार केला. तिला पुढे बी.एड. करायचे होते, शिक्षक होणे हा आपल्या भागात अजूनही मुलींच्या दृष्टीने सर्वांत पसंतीचा मार्ग आहे. शाळेत शिकवायचे, तर ज्या विषयात पदवीचे शिक्षण झाले आहे, तो शाळेत शिकवला जाणारा विषय असणे सोयीचे ठरते आणि असे दोन विषय असतील तर आणखी बरे. म्हणजे तिच्यासाठी खरा निर्णय ओईचा नसून मायनरचा होता.

मायनरचे लक्षण असे की तो अत्यंत शांतपणे येतो. दुसऱ्या सत्रात त्याचा फक्त एक पेपर, तोही दोन क्रेडिटचा, त्यामुळे मुले त्याला दहांतला एक विषय समजून घेऊन टाकतात. तीन वर्षांत मात्र त्याची १८ ते २० क्रेडिट होतात. मेजरनंतर पदवीतला तो दुसरा मोठा विषय असतो. मायनर आपल्या विद्याशाखेतला दुसरा विषय असू शकतो किंवा दुसऱ्या शाखेतलाही असू शकतो, अशी मोकळीक शासन निर्णयात आहे. प्रत्यक्षात ती मोकळीक महाविद्यालयातील विभागांच्या संख्येएवढीच असते. इतिहास मेजर आणि मराठी मायनर ही जोडी पुतणीने घेतली, कारण दोन्ही विषय शाळेत शिकवले जातात, दोन्ही विभागांत पूर्णवेळ शिक्षक होते आणि मराठीचा वर्ग तिच्या एसटीच्या वेळेत बसत होता. या तीन कारणांपैकी तिसरे सांगताना ती लाजली, पण मला तेही तितकेच योग्य कारण वाटते.

एकाच शिक्षकावर चालणारा विभाग मायनरसाठी निवडताना सावध राहावे. तो शिक्षक निवृत्त होणार असेल आणि पद भरले जाण्याची चिन्हे नसतील, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी तासिका तत्त्वावरील शिक्षक येतात आणि जातात. हा प्रश्न प्राचार्यांना विचारण्यात उद्धटपणा नाही. पालकांनी तो विचारावा.

व्यावसायिक कौशल्य आणि कौशल्यविकास या दोन प्रकारांची नावे सारखी वाटतात, म्हणून मुले त्यांची गल्लत करतात. पहिला मेजरशी निगडित असतो आणि त्यात प्रत्यक्ष कामावर भर अपेक्षित असतो. दुसरा कोणालाही उपयोगी पडेल, असा सर्वसाधारण कौशल्याचा असतो. इतिहासाच्या मुलांना मोडी लिपी शिकण्याची संधी यांपैकी कोणत्याही नावाखाली मिळाली तर ती सोडू नये, असे मी आवर्जून सांगते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा मोडी वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. कोकणात तर खोताच्या वेळचे, देवस्थानांचे आणि जमिनींचे मोडी कागद घराघरांत पेटीत पडून आहेत. मराठीच्या मुलांसाठी मुद्रितशोधन, अनुवाद किंवा वृत्तलेखन यांचे मोल असेच आहे; 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, हे सांगून मी त्यांना थोडे चढवतेही.

भाषेचा विषय, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांत निवडीला फारशी जागा नसते. भाषेची तीन वर्षांतली ८ क्रेडिट इंग्रजी आणि आधुनिक भारतीय भाषा यांत निम्मी-निम्मी विभागलेली असतात आणि त्यांतील ४ पहिल्या वर्षात होतात. मूल्यशिक्षणाची ४ आणि ज्ञानप्रणालीची २ क्रेडिट पहिल्याच वर्षात संपतात. ती वेळेवर संपवावीत, एवढेच.

मात्र "हे दोन क्रेडिटचे आहे, त्याला कशाला अभ्यास" ही भाषा मी ऐकून घेत नाही. वर सांगितल्याप्रमाणे २२ पैकी १८ क्रेडिट अशाच छोट्या विषयांची आहेत आणि सरासरी श्रेणी क्रेडिटच्या वजनानेच काढली जाते. ज्ञानप्रणालीत मिळालेले कमी गुण मेजरच्या दोन क्रेडिटच्या पेपरातील कमी गुणांइतकेच खाली ओढतात. पुढे चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असल्यास पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात. त्या सहांत हे पहिले सत्रही मोजले जाते. मुंबई विद्यापीठाच्या पद्धतीत दोन क्रेडिटच्या विषयाला ५० गुण असतात आणि त्यांचा मोठा हिस्सा अंतर्गत मूल्यमापनाचा असतो, म्हणजे वर्गात हजर राहणाऱ्या आणि वेळेवर काम देणाऱ्या मुलाला हे गुण मिळवणे कठीण नसते.

पण वेळेवर देणे हेच आपल्याकडे पहिल्या सत्रात अवघड जाते. जुलैत लावणी असते, वाटेवरच्या कॉजवेवर पाणी आले की गाडी बंद होते आणि मग गणपती येतात. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा अभ्यासाच्या दृष्टीने गेलाच, असे धरून चालावे. कोणतेही विद्यापीठ कोकणी घराला चतुर्थीच्या तोंडावर प्रकल्प लिहायला लावू शकलेले नाही आणि लावूही नये. दहा विषयांच्या अंतर्गत चाचण्या आणि प्रकल्प मात्र नेमके त्याच सुमारास किंवा त्यानंतर लगेच एकत्र येतात. म्हणून दहाही विषयांच्या शिक्षकांकडून अंतर्गत मूल्यमापनाचे स्वरूप पहिल्या पंधरवड्यातच विचारून घ्यावे आणि जे प्रकल्प लेखी आहेत, ते चतुर्थीपूर्वी संपवावेत.

सहअभ्यासक्रमात राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा, योग किंवा सांस्कृतिक उपक्रम यांतून निवड असते. राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षे, वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. ज्याला दोन्ही वर्षे नियमाने करायचे आहे, त्यालाच मी ती सुचवते. क्रेडिटही मिळतात आणि प्रमाणपत्रही. घरी मासळीचा किंवा आंब्याचा व्यवसाय असून सुट्टीच्या दिवशी ज्याचे हात लागतात, त्याने शिबिराच्या तारखा आधी पाहाव्यात.

एक कारकुनी वाटणारी, पण मुलांना फार छळणारी गोष्ट म्हणजे नावांतील तफावत. प्रत्येक विद्यार्थ्याची क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि त्यासाठी अपार, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, लागतो. आधारवर आडनाव शेवटी, गुणपत्रिकेवर आधी. एकीकडे वडिलांचे पूर्ण नाव, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. एकीकडे जन्मवर्ष तेवढे आणि दुसरीकडे पूर्ण जन्मतारीख, अशी तफावत असली की क्रमांक तयार होताना अडथळे येतात. ही दुरुस्ती मे महिन्यातच करून घ्यावी, जूनमध्ये आधार केंद्रावर रांग असते आणि वीज नसते.

शेवटी पहिल्या वर्षानंतर बाहेर पडण्याच्या सोयीविषयी. ४० ते ४४ क्रेडिट पूर्ण केल्यावर आणि वर ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केल्यावर पदवीस्तरावरील प्रमाणपत्र घेऊन थांबता येते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते. ज्याच्या घरी खरोखरच अडचण आहे, त्याच्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण आपल्याकडे एफवायनंतर जी मुले गळतात, त्यांतील बहुतेक शिक्षण सोडून जात नाहीत. ती मामाकडे नाहीतर मोठ्या भावाकडे डोंबिवली-विरारला जातात आणि तेथे दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागतात. विद्यापीठ तेच असल्यामुळे हे सोपे वाटते, परंतु तेथील महाविद्यालय स्वायत्त असेल तर त्याचा अभ्यासक्रम वेगळा असतो आणि येथे घेतलेला मायनर तेथे चालू असेलच, याची खात्री नसते. मुंबईला जाण्याचा विचार घरात आधीपासूनच असेल, तर मायनर म्हणून मराठी, इतिहास, अर्थशास्त्र यांसारखा सर्वत्र चालणारा विषय घ्यावा, पहिल्या वर्षाच्या दहाही विषयांचे अभ्यासक्रम डाउनलोड करून ठेवावेत आणि दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका हाती आल्याशिवाय येथला प्रवेश रद्द करू नये.